नमुन्याचा क्रेट

आमच्या सोड्याच्या कारखान्यात वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा, आणि वर्षातून त्या एकाच दिवशी बाबा खोटं बोलायचे. तेही तोंडाने नाही, चावीने. सकाळी लवकर येऊन ते गॅसची चावी नेहमीपेक्षा पाव फेरा जास्त उघडत आणि चोवीस बाटल्यांचा एक क्रेट वेगळा भरत. हा नमुन्याचा क्रेट. तो दाराजवळ, इन्स्पेक्टरचा हात सहज जाईल अशा जागी ठेवलेला असे. इन्स्पेक्टर त्यातली एक बाटली उचलायचा, बुचातून आपल्या दाबमापकाची सुई टोचायचा, काटा बघायचा, मान डोलवायचा आणि निघून जायचा.

खरं तर याची काही गरज नव्हती. आमचा रोजचा सोडासुद्धा तपासणीत आरामात पास झाला असता. पण बाबांना पास व्हायचं नसे, पहिलं यायचं असे. आत्या म्हणायची, हा चौथीत दोनदा बसला ना, त्याचा सूड अजून उगवतोय.

आत्या ही बाबांची थोरली बहीण, त्यांची आक्का, आणि कारखान्यातली निम्मी मालकीण. कारखाना म्हणायचं आपलं; होत्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाटल्या धुवायच्या टाक्या आणि बुचं मारायचं यंत्र, तिथे आत्याचं राज्य. मागच्या खोलीत पिंप, ते बाबांचं. पिंप जाड पत्र्याचं, माणसाच्या छातीपर्यंत उंच. त्यात गार पाणी भरायचं आणि लोखंडी नळकांड्यातून वरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. आत एक पातं फिरत असे. ते पाणी घुसळत राही आणि पाणी गॅस पीत राही. पाणी जितकं गार आणि दाब जितका जास्त, तितका गॅस जास्त विरघळतो. बाटलीचं बूच उघडलं, दाब गेला, की तो पुन्हा बाहेर यायला धावतो. सोड्याचं सगळं शास्त्र एवढंच, असं बाबा सांगत. उरलेली कला आहे, असंही सांगत.

ती कला म्हणजे एक लाकडी पट्टी. पिंपावर दाब दाखवणारा काटा होता, पण बाबा त्याच्यावर अर्धाच विश्वास ठेवत. "आत किती रेटारेटी चाललीय ते काटा सांगतो. पाण्याचं पोट भरलं का, ते त्याला काय माहीत?" ते विचारायला पट्टी. तिचं एक टोक पिंपाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. आणि थोड्या वेळाने, बघणाऱ्याला काही कळायच्या आत, चावी बंद. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि चाळीस वर्षं आमच्या सोड्याची चव एकच राहिली.

साठी उलटल्यावर त्यांची फुप्फुसं थकली. सिगरेट सुटून पंधरा वर्षं झाली होती. तिने केलेलं काम मात्र मागे राहिलं होतं. आधी जिना जड झाला, मग आंघोळ, मग चपला घालणं. शेवटी घरी खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि त्याची नळी बाबांच्या नाकात. यंत्रावर एक उभी काचेची नळी होती, तिच्यात एक गोळी तरंगत असे. चावी फिरवली की गोळी वरखाली होई. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एकच्या रेघेवर, तिथून हलवायची नाही.

या डॉक्टर म्हणजे फुप्फुसांच्या आजाराच्या एक तरुण बाई. आवाज शांत, नजर धारदार. पहिल्या भेटीतच त्यांनी बाबांच्या छातीचा एक्स-रे पाहून सिगरेटींची संख्या अचूक सांगितली. तेव्हापासून बाबा त्यांना त्यांच्या मागे 'इन्स्पेक्टरबाई' म्हणू लागले.

बोटाला लावायचा चिमटा पहिल्यांदा लावला त्या दिवशी बाबांनी त्यांची उलटतपासणी घेतली. हा चिमटा नक्की काय मोजतो? डॉक्टर म्हणाल्या, रंग. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. त्याच्या प्रत्येक कणावर ऑक्सिजनच्या चार जागा. जागा भरल्या की रक्त लालभडक, रिकाम्या झाल्या की काळपट. चिमटा बोटातून उजेड टाकतो आणि शंभरातल्या किती जागा भरल्यात ते सांगतो.

"म्हणजे क्रेट," बाबा म्हणाले. "चार बाटल्यांचा."

डॉक्टर म्हणाल्या, तसं म्हणा. फुप्फुसात क्रेट भरतो, अंगभर फिरून रिकामा होतो, परत येतो.

"आणि परत येताना काय आणतो?"

परत येताना अंगात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड यायचा असतो, डॉक्टर म्हणाल्या. त्यातला थोडा हिमोग्लोबिनलाच चिकटून येतो, पण ऑक्सिजनच्या जागांवर नाही, दुसरीकडे. थोडा नुसताच विरघळून येतो. पण शंभरातला सत्तर भाग रक्तातल्या पाण्याशी संयोग पावतो, त्याचं आम्ल होतं आणि त्या आम्लाचा लगेच क्षार होतो. तो क्षार रक्ताच्या पाण्यातून वाहत फुप्फुसापर्यंत येतो. तिथे उलट क्रिया होते, पुन्हा गॅस होतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो.

बाबा आईकडे वळून हळूच म्हणाले, "ऐकलंस? सोडा."

आईने चाळीस वर्षं त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या कारखान्याच्या ओल्या वासाबद्दल कुरकुर केली होती. ती म्हणाली, तरीच.

घरी आल्यावर हे शास्त्र त्यांनी ज्याला त्याला सांगितलं. जाताना माल क्रेटमधून जातो, येताना पाण्यात विरघळून येतो. फुप्फुस म्हणजे बूच उघडायची जागा. माझं दुखणं काय, तर माझं बूच अर्धंच उघडतं. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच तुझ्याशी चार शब्द बोललं की मला ठसका लागतो."

एक गोष्ट मात्र त्यांना डाचत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमच्यासाठी चिमट्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव असला की झालं, त्याच्यावर न्यायचा नाही. आईच्या बोटाला चिमटा लावला की अठ्ठ्याण्णव यायचे, माझ्या बोटाला सत्त्याण्णव. दूध घालायला येणाऱ्या बाईंनाही त्यांनी दारात थांबवून चिमटा लावला, तर नव्व्याण्णव. त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, चाळीस वर्षं गॅसमध्ये काढली, आणि मला अठ्ठ्याऐंशीवर समाधान मानायला सांगतात.

इकडे कारखान्याची अवस्था वाईट होती. बाटल्यांच्या खणखणाटात आयुष्य काढून आत्याचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा जाण्याच्या बेतात होता. पट्टी तिच्या कामाची नव्हती. ती काटा बघून पिंप भरायची. त्यामुळे एका खेपेचा सोडा इतका मेलेला निघाला की एका हॉटेलच्या व्यवस्थापकाने विचारलं, चुकून धुण्याचं पाणी पाठवलंत का. पुढच्या खेपेला तिने चूक सुधारली. बूच उडून त्याच व्यवस्थापकाच्या डोक्यावरचा दिवा फुटला. आत्याने जाहीर केलं की एक तारखेला कुलूप. तिला कारखान्यापेक्षा आपलं नाव प्यारं होतं.

बाबांनी तिच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली, पुढच्या एक तारखेपर्यंत. ते म्हणाले, मला फक्त एकदा कारखान्यात न्या. दोन तास. मी पोरीला पट्टी शिकवतो.

पोरगी म्हणजे मी, वय त्रेचाळीस, नोकरी ग्रंथालयात. मी दोन महिन्यांची रजा टाकून माहेरी आले होते ती बाबांसाठी, सोड्यासाठी नाही. तरी मी हो म्हटलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की हो म्हटल्यावर पुढे काय, हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. आत्या म्हणाली, हिला पिंपातून काय ऐकू येणार, हिच्या कानात पुस्तकं बोळ्यासारखी बसलीत.

डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, मंगळवारी अकराला या. मी तपासते, मनगटातून थोडं रक्त घेते. सगळं ठीक असेल तर दोन तास जाऊन या. बाबांनी एवढंच ऐकलं की मंगळवारी अकराला तपासणी आहे.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. बोटाला चिमटा. त्यांनी ते बोट माझ्यासमोर धरलं. सत्त्याण्णव.

मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. मी म्हटलं, "बाबा, अहो, आज तर तुम्ही माझ्या बरोबरीला आलात." ते म्हणाले, अजून वेळ आहे, तुझ्या पुढेही जाईन. गाल गुलाबी दिसत होते. हात धरून त्यांना उठवलं तर हातही छान ऊबदार. आईला सांगितलं तर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, आकडा पाहिला, यंत्राकडे पाहिलं आणि परत आत गेली. टॅक्सीत, सोबतच्या छोट्या सिलिंडरची नळी नाकात घालून बसल्यावर, त्यांनी दोनदा डोळे मिटले. डोकं थोडं दुखतंय म्हणाले. मला वाटलं, हौसेने पहाटे उठलेत, झोप झाली नसेल.

दवाखान्यात ते खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. डॉक्टर आत आल्या तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "या, नमुना दाराजवळच आहे."

डॉक्टरांनी चिमट्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, काका, दोन्ही हात पुढे करा, रहदारी थांबवतो ना पोलीस, तसे पंजे उभे धरा. बाबांनी धरले. पंजे आपोआप खाली पडायचे आणि पुन्हा वर यायचे, पडायचे आणि यायचे. आई म्हणाली, टाटा काय करताय. डॉक्टर हसल्या नाहीत.

"काका, गोळी कितीवर होती?"

"एकवर," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आई जन्मात कधी खोटं बोललेली नाही. तिला त्याचं तंत्रच माहीत नाही. ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

"चारवर," ती कॅलेंडरला म्हणाली. "सकाळी सहापासून."

मनगटातून घेतलेल्या रक्ताचा निकाल दहा मिनिटांत आला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून कागद दाखवला. कार्बन डायऑक्साइडचा दाब धडधाकट माणसाचा चाळीसच्या आसपास असतो. बाबांचा नेहमीचा बावन्न. त्या दिवशीचा शहात्तर. अशा फुप्फुसांना ऑक्सिजन जास्त दिला, तर काहींच्या बाबतीत उलटंच होतं, त्यांनी समजावलं. श्वास थोडा मंदावतो. फुप्फुसाचे जे कोपरे हवा नीट आतबाहेर करत नाहीत, तिकडे रक्त उगाच वळतं. आणि ऑक्सिजन क्रेटमध्ये घुसताना तिथे चिकटलेल्या कार्बन डायऑक्साइडला ढकलून पाण्यात पाठवतो. गॅस बाहेर जात नाही, साठतो. माणसाला गुंगी येते. हात गरम, गाल गुलाबी, डोकेदुखी. अजून तीनचार तास गेले असते तर जागं करणं अवघड झालं असतं.

"चिमट्याला यातलं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तो काटा त्यांच्या गॅसचा नाहीच."

बाबांना लगेच दाखल केलं. तोंडावर मास्क बसवला, त्याला एक यंत्र जोडलं. ते यंत्र प्रत्येक श्वासाला दाब देऊन हवा आत ढकलायचं आणि साठलेला गॅस बाहेर पडायला मदत करायचं. पहिला दिवस त्यांनी झोपेत काढला. मी खुर्चीत बसून मोजत होते: किती श्वास, किती मिनिटं, सकाळी 'अहो, माझ्या बरोबरीला आलात' म्हटल्याला किती तास. वाचायला आणलेलं पुस्तक मांडीवर होतं. पान एकही उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले, यंत्राकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि हाताने खूण करून कागद-पेन्सिल मागितली. मी वही पुढे केली. त्यांनी वाकड्या अक्षरात लिहिलं: दाब किती?

मी जाऊन आकडा वाचून आले. त्यांनी मान हलवली. खाली लिहिलं: आपल्या बाटलीत दोनशेपट असतो. नवशिके दिसतात.

दुपारी आत्या आली. मास्कमुळे बाबांना बोलता येत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने खुर्ची ओढली, पदर सावरला.

"चाळीस वर्षं मला ऐकवतोस, काट्याला काय कळतं म्हणून. पट्टी लाव, पोट भरलं का विचार म्हणून. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा? काटा फुगवलास. अरे धाकट्या, ज्या गॅसवर जन्म काढलास तो आत साठतोय, आणि तू दुसऱ्याच गॅसचे मार्क वाढवत बसलास?"

बाबांनी वहीकडे हात नेला. आत्याने वही उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली. म्हणाली, आज मला बोलू दे, असा योग पुन्हा यायचा नाही. मग बोलली मात्र काहीच नाही. त्यांचा हात हातात घेऊन पाऊण तास तशीच बसली. जाताना वही परत ठेवली.

तिसऱ्या दिवशी रक्तातला आकडा सत्तावन्नपर्यंत खाली आला. डॉक्टरांनी मास्क तासभर काढायची मुभा दिली. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो कारखान्यात जाण्याबद्दल. डॉक्टर म्हणाल्या, नाही. इतक्या सरळ नाही म्हणाल्या की बाबांनी वाद घातला नाही. थोड्या वेळाने फक्त म्हणाले, पोरगी जाऊ शकते ना? ती तर सत्त्याण्णव आहे.

एक तारीख परवावर आली होती.

मी कारखान्यात गेले. आत्याने पिंपात गार पाणी भरून ठेवलं होतं, नळकांडं जोडलं होतं. आईने दवाखान्यात बाबांच्या कानाला फोन लावला. आधी मी माझा फोन पिंपाला टेकवला, त्यांनीच ऐकून सांगावं म्हणून. बाबा वैतागले. म्हणाले, ही तर पिठाची गिरणी ऐकू येतेय, फोन सगळा बारीक माल खातो. पट्टी घे. तू ऐक आणि मला सांग.

मी पट्टी पिंपाला टेकवली. दुसरं टोक उजव्या कानामागच्या हाडाला. डाव्या कानाला फोन. आत्याने गॅसची चावी उघडली. पिंपातलं पातं फिरू लागलं.

"काय ऐकू येतंय?"

मी म्हटलं, दूरवर कोणीतरी वाळक्या पानांवरून चालत यावं, तसं काहीतरी.

"कोण चालतंय?"

"म्हणजे?"

"जाडा माणूस की मांजर?"

मला हसू आलं. ते म्हणाले, हसू नकोस, पट्टी हलते. आणि पुस्तकातलं सांगू नकोस, स्वयंपाकघरातलं सांग. तिकडून आईचा आवाज आला की हिला स्वयंपाकघरातलं काय माहीत.

मी डोळे मिटले. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं, मी म्हटलं. चर्रर्र, आणि मध्ये मध्ये तडतड.

"हां. आता बोललीस. पाणी भुकेलं आहे. थांब."

आम्ही थांबलो. आत्या काट्याकडे बघत उभी होती आणि मला खुणा करत होती की काटा रेघेवर आला, बंद कर. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने डोळे वटारले. तवा अजून तापलेला होता.

"आता?"

"निवतोय. तडतड कमी आहे. चर्रर्र बारीक झालं."

"तडतड मोज. एकीत आणि दुसरीत किती अंतर पडतं ते."

मी मोजू लागले. एक, दोन. एक, दोन, तीन. डाव्या कानात त्यांचा श्वास येत होता, नळीतून येणारा, शेवटाला थोडा अडकणारा. उजव्या बाजूला हाडातून पाणी. एक, दोन, तीन, चार. बाबा काही बोलत नव्हते. बोललं तर माझं मोजणं चुकेल म्हणून बोलत नसावेत. एक, दोन, तीन, चार, पाच. मग चर्रर्र होतं ते थांबलं असं नाही. जेवण झाल्यावर घरात शांतता होते, भांडी असतात, माणसं असतात, पण कोणाला काही नको असतं, तसं झालं.

मी चावी बंद केली.

"बाबा, बंद केली."

"मी कुठे सांगितलं?"

"नाही सांगितलंत."

पलीकडे त्यांचा एक लांब उच्छ्वास, आणि मग, "बरं. आक्काला पाजून बघ."

आत्याने बाटली भरली, बूच मारलं, दहा मिनिटं ठेवली. मग उघडली. फस्स असा आवाज झाला, फार नाही, थोडाही नाही. बुडबुडे बारीक, सरळ रांगेत वर येणारे. तिने मोठा घोट घेतला. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि चांगल्या कानाला लावला.

"धाकट्या," ती म्हणाली, "एक तारखेचं राहू दे तूर्त."

बाबा त्यानंतर पाच महिने होते. घरीच, गोळी एकवर, चिमट्यावर एकोणनव्वद-नव्वद. कारखान्यात मात्र त्यांचं येणं झालं नाही. माझी रजा संपली, मी ती वाढवली, मग अर्ध्या दिवसाची नोकरी मागून घेतली. दर शनिवारी मी घरी एक बाटली आणायची. ते प्यायचे नाहीत, डॉक्टरांनी पोट फुगेल म्हणून मना केलं होतं. बूच उघडताना ते कान पुढे करायचे, बाटली खिडकीच्या उजेडात धरून बुडबुडे बघायचे आणि मार्क द्यायचे. कधी पंच्याऐंशी, कधी शहाऐंशी. एकदा खूप विचार करून अठ्ठ्याऐंशी दिले. मी म्हटलं, एवढेच? ते म्हणाले, मलाही एवढ्यावरच समाधान मानायला लावलंय.

शेवटच्या शनिवारी त्यांना बसवत नव्हतं. मी बाटली त्यांच्या उशीजवळ उघडली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बुडबुडे बघितले नाहीत.

"ब्याण्णव," ते म्हणाले. "याच्यावर जाऊ नकोस."

काल इन्स्पेक्टर आला. सकाळी आत्याने मला मुद्दाम विचारलं, पाव फेरा जास्त द्यायचा का, नमुन्याचा क्रेट भरायचा का. मी नेहमीसारखीच पट्टी लावली आणि नेहमीच्याच वेळी चावी बंद केली. दाराजवळ क्रेट ठेवला नाही. इन्स्पेक्टरने सवयीने तिकडे हात नेला, जागा रिकामी पाहून थोडा गोंधळला, मग भिंतीलगतच्या तिसऱ्या रांगेतली एक बाटली स्वतःच उचलली. सुई टोचली. काटा पाहिला. जुनी वही उघडून मागच्या वर्षांचे आकडे पाहिले.

"दरवर्षीपेक्षा जरा कमी आहे," तो म्हणाला. "पास आहे तसं."

"हो," मी म्हटलं.

त्याने बाबांची चौकशी केली. मी सांगितलं. तो थोडा वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिला, मग निघून गेला.

आत्या बुचांच्या यंत्रापाशी होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. यंत्र बंद करून ती ओरडली, काय म्हणाला गं, किती दिले?

मी तिच्या चांगल्या कानापाशी गेले.

"ब्याण्णव," मी म्हटलं.